नस मानेत, सुई कोपरात

गेल्या दिवाळीनंतर माझ्या ताईच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. अंगठा आणि शेजारचं बोट. सांगलीच्या एका सहकारी बँकेत तीस वर्षं, आधी खतावण्यांत आणि मग पडद्यात मान घालून बसलेली बाई. मान धरली असेल म्हणून आठवडाभर तिने गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. घरी रक्त न्यायला येणाऱ्या मुलाला तिने सहज विचारलं, तर त्याने मोबाइल काढून पॅकेजच दाखवलं. अडतीस तपासण्या, ६,५०० रुपये. त्यावर ‘नर्व्ह प्रोटीन मार्कर’ हवा असेल तर आणखी ४,०००. "काकू, एमआरआय काढायलाच नको. नस दबलीय की नाही ते रक्तातच कळतं."

ताईचा मला फोन. "अरे, तू ग्राहकांचं लिहितोस ना? सांग, भरू का साडेदहा हजार?"

नको, असं मी सांगितलं. का नको, हे सांगायला मात्र फोनवर पाऊण तास लागला.

मुळात घोळ आपल्या भाषेपासूनच सुरू होतो. मराठीत नस म्हणजे रक्तवाहिनी, आणि नस म्हणजे मज्जातंतूसुद्धा. हाताची नस शोधून सुई टोचतात ती नस वेगळी आणि मानेत दबते ती वेगळी. पण शब्द एकच, त्यामुळे ‘नसेचा आजार रक्तात दिसतो’ हे वाक्य कानाला अगदी पटतं. प्रत्यक्षात मानेतला मज्जातंतू दबला आहे हे सांगणारी एकही रक्ततपासणी आज दवाखान्यांतल्या नेहमीच्या वापरात नाही. तशा प्रथिनांचा शोध चालू आहे, आणि तो खराखुरा, गंभीर शोध आहे. त्याचं काय चाललंय ते पुढे सांगतो. आधी पाकीट कुठल्या क्रमाने उघडायचं ते पाहू. इथे पैसा वाया जातो तो महाग तपासणीमुळे कमी, चुकीच्या क्रमामुळे जास्त. खालचे आकडे पुणे-मुंबई आणि जिल्ह्याच्या शहरांतल्या खासगी दरांचे ढोबळ आकडे आहेत. तुमच्या गल्लीतला दर शे-दोनशेने इकडेतिकडे होईल.

आधी हातोडी

पहिले पैसे अस्थिरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञाच्या फीचे. ७०० ते १,५०० रुपये. या फीत एक रबरी हातोडी, एक टाचणी आणि पंधरा मिनिटं मिळायला हवीत. ती मिळाली नाहीत आणि खुर्चीत बसल्याबसल्या एमआरआयची चिठ्ठी हातात पडली, तर दुसरा डॉक्टर बघा.

मानेत मणके सात, पण तिथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ. सहावा मज्जातंतू दबला तर मुंग्या अंगठ्याकडे जातात, सातवा मधल्या बोटाकडे, आठवा करंगळीकडे. कोपराच्या पुढे हातोडी मारल्यावर हात उडतो की नाही, मागे मारल्यावर उडतो की नाही, मनगट वर उचलण्यात जोर किती, यावरून अनुभवी डॉक्टर कुठली नस ते बोट ठेवून सांगतो. मग मान दुखऱ्या बाजूला कलती करून डोक्यावर हलका दाब देतात. हातात कळ उतरली तर संशय पक्का होतो. या परीक्षेला स्पर्लिंग चाचणी म्हणतात. ती १९४४ पासून वापरात आहे आणि तिचं वेगळं बिल होत नाही.

याच पंधरा मिनिटांत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सुटतो: फक्त मज्जातंतू दबलाय, की मज्जारज्जूच दबतोय? शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, अक्षर बिघडलं, चालताना पाय अडखळू लागले, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर पुढचा सगळा क्रम विसरा. त्याच आठवड्यात एमआरआय आणि न्यूरोसर्जन. ताप, उतरलेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर, रात्री झोपू न देणारं दुखणं, यांतलं काही असेल तरीही तसंच. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून गेलेला नाही.

यांतलं काही नसेल तर घाई नको. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९७६ ते १९९० या काळातल्या मानेची नस दबलेल्या ५६१ रुग्णांच्या नोंदी तपासून १९९४ मध्ये एक अभ्यास छापला गेला. त्याचे मुख्य लेखक डॉ. कुरुपथ राधाकृष्णन हे आपले भारतीय मेंदूविकारतज्ज्ञ. शेवटच्या पाहणीच्या वेळी दहातल्या नऊ रुग्णांना एकतर काही त्रास नव्हता, नाहीतर किरकोळ होता. शस्त्रक्रिया साधारण चौघांतल्या एकाची झाली होती. बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ओसरतं. ही माहिती फुकट आहे, पण कुठल्याही पॅकेजात नाही.

रक्त कशासाठी काढायचं

मग रक्त काढायचंच नाही का? काढायचं. पण मानेतली नस शोधायला नव्हे, तर दुखणं मानेचं नसेल तर ते पकडायला.

मधुमेहाने हातापायांना मुंग्या येतात. थायरॉइड मंदावला की मनगटातल्या बोगद्यात नस आवळली जाऊ शकते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं, रात्री जास्त, आणि हात झटकला की बरं वाटतं. हे मानेच्या दुखण्याशी इतकं मिळतंजुळतं की भलेभले फसतात. बी-१२ कमी पडलं तर मुंग्या येतातच, शिवाय मज्जारज्जूही बिघडू शकतो. शाकाहारी घरांत ही कमतरता घरोघरी सापडते. ईएसआर आणि सीआरपी वाढलेले असतील तर शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग किंवा दाह आहे, एवढा इशारा मिळतो. क्षयाच्या संशयात तो उपयोगी.

आता दर. मधुमेहाची एचबीए१सी ४०० ते ६००, थायरॉइडची टीएसएच २५० ते ५००, बी-१२ ७०० ते १,३००, सीबीसी २०० ते ४००, ईएसआर १०० ते २००, सीआरपी ४०० ते ६००. सगळ्यांची बेरीज दोन ते साडेतीन हजार. पाठीत-मानेत सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा असलेल्या तरुणाला डॉक्टर एचएलए-बी२७ सांगतील, ती १,५०० ते ३,००० ची. साठीच्या माणसाला ती करण्यात अर्थ नाही. पॅकेजातल्या अडतीस तपासण्यांत आरए फॅक्टर हमखास असतो. तो उतारवयात निरोगी माणसातही कधीकधी पॉझिटिव्ह येतो, मग ठळक अक्षरांतला तो एक आकडा घेऊन माणूस संधिवाततज्ज्ञाकडे धावतो. पॅकेज स्वस्त वाटतं ते इथे महाग पडतं.

रक्त देण्याआधी दोन गोष्टी सांभाळा. बी-१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी रक्त द्या. एकदा डोस गेला की रिपोर्टातला आकडा खोटं बोलतो. आपल्याकडे हाताला मुंग्या म्हटलं की औषधाच्या दुकानातला माणूसही मिथाइलकोबालामिनची पट्टी पुढे सरकवतो, तेव्हा हा क्रम उलटा होतो. दुसरं, त्याच कॅप्सुलांत पुष्कळदा बायोटिन असतं, केसांच्या गोळ्यांतही असतं. बायोटिनमुळे थायरॉइडसकट काही तपासण्यांचे आकडे चुकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. तेव्हा कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना आणि लॅबला, दोघांनाही सांगा.

लॅब निवडताना एनएबीएलचा शिक्का पाहतो आपण. पण ती मान्यता एकेका तपासणीपुरती असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबचं नाव घातलं की मान्य तपासण्यांची यादी उघडते. ताईच्या पॅकेजवाल्या लॅबच्या यादीत तो ‘नर्व्ह प्रोटीन मार्कर’ नव्हता.

प्रथिनांचा शोध

आता त्या मार्करकडे. शास्त्रज्ञ त्याच्या मागे का लागलेत, हे समजायला हृदयविकार आठवा. हृदयाचा स्नायू मरू लागला की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरतं, आणि एका नळीभर रक्तावरून झटका ओळखता येतो. मग मज्जातंतू चिरडला तर त्याच्यातलंही काही रक्तात उतरत असेल ना? उतरतं. न्यूरोफिलामेंट लाइट हे मज्जातंतूच्या लांब धाग्याच्या सांगाड्यातलं प्रथिन. धागा तुटला की ते सांडतं आणि अतिशय थोड्या प्रमाणात रक्तात पोचतं. त्याचाच जड भाऊ, फॉस्फेट चिकटलेला न्यूरोफिलामेंट हेवी, मानेत मज्जारज्जू दबलेल्या रुग्णांत मोजून पाहिला गेला आहे. एस१००बी आणि इंटरल्युकिन-६ हीही यादीतली नेहमीची नावं. चीनमध्ये मानेच्या झिजेचे प्रकार पाडताना ‘मज्जामूळ प्रकार’ असा वेगळा वर्गच धरतात, आणि तिथे या रुग्णांच्या रक्तातली शेकडो प्रथिनं एकदम मोजून निरोगी माणसांशी ताडून पाहण्याचं काम बरंच होतं.

अडचण कुठे आहे? रक्तद्रवातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक वजन एकट्या अल्ब्युमिनचं. एका मिलिलिटरमध्ये साधारण ४० मिलिग्रॅम. इंटरल्युकिन-६ निरोगी माणसात तेवढ्याच रक्तद्रवात काही पिकोग्रॅम, म्हणजे अल्ब्युमिनच्या साधारण एक हजार कोटीवा भाग. अल्ब्युमिनचे दहा टनी वीस ट्रक तांदूळ धरा, तर हे प्रथिन म्हणजे त्यातला एक दाणा. म्हणून आधी तांदूळ बाजूला काढावा लागतो, म्हणजे अल्ब्युमिनसारखी भरमसाट प्रथिनं गाळावी लागतात. मग उरलेल्यांचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरवर तोलावे लागतात. स्वीडनच्या उप्साला शहरातल्या ओलिंक कंपनीची प्रतिपिंडांच्या जोड्यांवर चालणारी पद्धत किंवा अमेरिकेतल्या सोमालॉजिकची आप्टामरवर चालणारी पद्धत एका वेळी हजारो प्रथिनं मोजते. ही यंत्रं गल्लीतल्या लॅबची नव्हेत.

आणि मोजणं जमलं तरी अर्थ लावणं उरतं. एक हजार प्रथिनं मोजली आणि प्रत्येकाला पाच टक्के चुकीची सूट दिली, तर एकाही प्रथिनाचा मानेशी संबंध नसताना पन्नासेक प्रथिनं नुसत्या योगायोगाने ‘वेगळी’ दिसतील. पंचवीस-तीस रुग्णांवरच्या अभ्यासात हे फार घडतं. सुईने लाल पेशी फुटल्या, नळी बाहेर ताटकळत राहिली, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जायला उशीर झाला, की प्रथिनांचे आकडे हलतात. रोगी सकाळी उपाशी आणि निरोगी माणूस दुपारी जेवून आलेला, एवढ्यानेही फरक पडतो.

मला सगळ्यात मोठी अडचण वाटते ती अशी. न्यूरोफिलामेंट सांगतं की शरीरात कुठेतरी मज्जातंतूचे धागे तुटतायत. ते मानेत की पायात की मेंदूत, हे ते सांगत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ते वाढतं, स्नायू गाळून टाकणाऱ्या एएलएसमध्ये वाढतं, मधुमेहाच्या नसांत वाढतं, आणि काही न होता नुसतं वय वाढलं तरी वाढतं. पुन्हा मानेत पुष्कळदा धागा तुटलेलाच नसतो. दोन मणक्यांमधल्या गादीतून बाहेर आलेल्या द्रव्याने तो चिडलेला, सुजलेला असतो. दुखतं भयंकर, पण रक्तात सांडायला काहीच नसतं.

म्हणून हे प्रथिन निरुपयोगी आहे असं नाही. एएलएसच्या एका जनुकीय प्रकारावरचं टोफरसेन हे औषध अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मान्य झालं ते न्यूरोफिलामेंट खाली आलं या आधारावर. डोक्याला मार लागलेल्यांसाठी दोन प्रथिनांची रक्ततपासणी २०१८ मध्ये तिथेच मान्य झाली. तिचं काम एवढंच, की डोक्याचा सीटी स्कॅन काढायची गरज आहे का ते ठरवायला मदत करणं. मानेच्या बाबतीत संशोधकांना हवं आहे तेही असंच छोटं उत्तर: दबलेला मज्जारज्जू झपाट्याने बिघडणारा कोण, आणि शस्त्रक्रियेने सुधारणारा कोण. ‘नस दबलीय का’ या प्रश्नाला हातोडी पुरते.

तरीही कोणी ही तपासणी विकू लागलं, तर एक प्रश्न विचारा: किटच्या खोक्यावर काय छापलंय? अशा पुष्कळ किटवर ‘फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नव्हे’ असं कंपनीच लिहून देते. किटचा हिशेबही मासलेवाईक आहे. एका पाटीवर ९६ खड्डे. त्यांतले सोळा तुलनेच्या द्रावणांना जातात, उरलेल्या ऐंशीत प्रत्येक नमुना दोनदा घालायचा, म्हणजे चाळीस रुग्ण. किट अर्ध्या लाखाचं धरलं तर माणशी साडेबाराशे. ताईला सांगितले होते ४,०००.

आणि खरोखरच एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधनासाठी तुमचं रक्त मागितलं, तर? द्या, वाटलं तर. पण पैसे देऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या उपचारापलीकडचा संशोधनाचा खर्च सहभागी माणसावर टाकता येत नाही. नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक आणि मराठीतलं संमतिपत्र मागून घ्या. उरलेलं रक्त किती वर्षं ठेवणार, पुढे कुणाला देणार, हे त्यात वाचा. मध्येच माघार घेतली तरी उपचारात फरक पडू शकत नाही.

चित्रं, तारा आणि सुरी

एक्स-रे दोन बाजूंचे ५०० ते १,०००. त्यात मज्जातंतू दिसत नाही. मणक्यांची ठेवण, झीज, मोडतोड दिसते.

मानेचा एमआरआय खासगीत ५,००० ते ९,०००, धर्मादाय ट्रस्टच्या केंद्रांत कधी निम्म्याच्या आसपास. सहा आठवड्यांच्या उपचारांनी फरक पडला नाही, जोर कमी झाला किंवा सुरीचा विचार सुरू झाला, तर तो हवाच. नुसतं ‘बघून ठेवू’ म्हणून काढला तर मनस्ताप पदरात पडतो. जपानमध्ये मानेचा कुठलाही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्के लोकांत गादी बाहेर फुगलेली दिसली. विशीतल्या पोरापोरींतही सत्तर टक्क्यांवर. २०१५ चा हा अभ्यास. रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ वाचून झोप उडालेल्या प्रत्येकाला मी हा आकडा सांगतो.

ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे तारा लावून आणि स्नायूत सुई घालून मज्जातंतूची चाल पाहणं, दोन्ही हातांचं २,००० ते ४,५००. मान की मनगट हा वाद मिटवायला उत्तम. पण त्रास सुरू झाल्यापासून तीन आठवडे तरी जाऊ द्या. स्नायूतल्या खुणा उमटायला तेवढा वेळ लागतो, आणि त्याआधी केलेली सुईची तपासणी ‘नॉर्मल’ येऊन पैसे पाण्यात.

फिजिओथेरपी एका बैठकीला ४०० ते ८००. दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. व्यायाम लिहून घ्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी करता येतात. मऊ पट्टा २५० ते ६००. तो आठवडा-दोन आठवड्यांपुरता, महिनोन्महिने गळ्यात घालून फिरायला नव्हे.

गादी काढून मणके जोडण्याची शस्त्रक्रिया खासगीत दोन ते चार लाख, मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात त्याहून वर. इथे तीन दारं ठोठवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार, आणि तहसीलदारांचा दाखला लागतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. विमा असेल तर शस्त्रक्रियेआधीच्या तीस किंवा साठ दिवसांतले एमआरआय आणि रक्ताचे खर्चही पुष्कळ पॉलिसींत परत मिळतात, म्हणून मूळ बिलं फाडू नका. जुन्या करपद्धतीत असाल तर प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा होतात, रोखीने भरले असले तरी.

कोणी नसलेल्या गुणांची तपासणी विकली असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बिल एवढं मात्र जपून ठेवा.

ताईचा हिशेब असा झाला. डॉक्टर ८०० आणि फेरतपासणीचे ५००, रक्त २,७००, एक्स-रे ७००, फिजिओ दहा बैठका ४,०००, औषधं ९००. एकूण ९,६००. बी-१२ निम्म्यावर आलेलं निघालं. खरं सांगायचं तर ते त्या अडतीस तपासण्यांच्या पॅकेजातही सापडलं असतं. मानेतली सहावी नस मात्र हातोडीनेच सापडली, आणि एमआरआय काढायची वेळ आली नाही. सकाळी उठल्यावर अंगठ्याला अजून जराशा मुंग्या येतात. रक्त न्यायला येणारा मुलगा आता तिला पॅकेजवर वीस टक्के सूट देतोय.